म्युऑनच्या घड्याळात किती वाजले? विशेष सापेक्षता, सूत्राच्या पलीकडे



पीएचडी प्रवेशाच्या माझ्या पहिल्या मुलाखतीत सापेक्षतेवर प्रश्न आला, तेव्हा मी मनातल्या मनात खूश झाले होते. टाइम डायलेशनचं सूत्र तोंडपाठ होतं, नेट-गेटची गणितं ढिगाने सोडवली होती. फळ्यावर सूत्र लिहिलं, म्युऑनचं नेहमीचं उदाहरण दिलं, उत्तरही बरोबर आलं. मग समोरच्या मॅडमनी शांतपणे विचारलं, "छान. आता हेच म्युऑनच्या बाजूने सांगा. त्याच्या मते तो स्थिर आहे आणि पृथ्वी पळतेय, म्हणजे पृथ्वीवरचं घड्याळ हळू चालतंय. तुम्ही म्हणता म्युऑनचं घड्याळ हळू. दोघांपैकी चुकतंय कोण?"

मी खडू हातात घेऊन उभीच राहिले. काहीतरी बोलले, पण ते उत्तर नव्हतं. निवड यादीत माझं नाव आलं नाही, आणि ते योग्यच होतं. मला सूत्र येत होतं, सापेक्षता येत नव्हती.

आजचा लेख त्या एका प्रश्नाचं उत्तर आहे. गणित फक्त पायथागोरस, गुणाकार आणि भागाकार एवढंच लागेल. वही-पेन घेऊन बसलात तर उत्तम.

सापेक्षता आइन्स्टाइनच्या आधीपासून आहे

स्टेशनवर आपली गाडी उभी असते, शेजारच्या रुळावर दुसरी गाडी असते. खिडकीतून बघताना एकदम वाटतं, निघालो! मग पलीकडचा प्लॅटफॉर्म दिसतो आणि कळतं की शेजारची गाडी सुटली, आपण तिथेच आहोत. हा गोंधळ डोळ्यांचा नाही. एकसमान वेगाने, धक्का न बसता, सरळ रेषेत जाणारी गाडी आणि उभी गाडी यांत आतल्या माणसाला फरक कळण्याचा मार्गच नसतो. डब्यात चेंडू वर फेकला तर तो हातातच पडतो, चहा कपात सरळच ओतला जातो.

गॅलिलिओने १६३२ साली हेच जहाजाच्या बंद खोलीचं उदाहरण घेऊन मांडलं होतं. बंद खोलीत बसून कोणताही यांत्रिक प्रयोग करा, जहाज उभं आहे की एकसमान वेगाने जातंय हे त्यातून सांगता येणार नाही. म्हणून "मी स्थिर आहे" हे वाक्य अपुरं आहे. कशाच्या संदर्भात स्थिर, ते सांगावं लागतं. या संदर्भालाच आपण संदर्भ चौकट, वर्गातल्या भाषेत फ्रेम म्हणतो. ज्या चौकटीला त्वरण नाही ती जडत्वीय चौकट. या लेखात सगळं अशाच चौकटींबद्दल आहे.

प्रकाशामुळे अडचण कुठे आली?

१८६० च्या दशकात मॅक्सवेलने वीज आणि चुंबकत्व यांची समीकरणं एकत्र मांडली. त्यातून विद्युतचुंबकीय लहरींचा वेग निघाला, तो प्रकाशाच्या मोजलेल्या वेगाशी जुळला. आज आपण तो सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर इतका नेमका धरतो.

पण समीकरणात एक गोष्ट नव्हती. हा वेग कोणाच्या संदर्भात? आवाजाचा वेग हवेच्या संदर्भात असतो. तसा प्रकाशाचा वेग 'ईथर' नावाच्या माध्यमाच्या संदर्भात असणार, असं त्या काळी बहुतेकांनी धरलं. मग सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने फिरणाऱ्या पृथ्वीवर वेगवेगळ्या दिशांना प्रकाशाचा वेग थोडा वेगळा यायला हवा. १८८७ साली मायकेलसन आणि मोर्ले यांनी हा फरक शोधायचा प्रयत्न केला. अपेक्षित फरक सापडला नाही.

१९०५ साली बर्नच्या पेटंट कार्यालयात काम करणाऱ्या २६ वर्षांच्या आइन्स्टाइनने शोधनिबंध पाठवला. गंमत म्हणजे तो निबंध घड्याळांपासून सुरूच होत नाही. सुरू होतो चुंबक आणि तारेपासून. चुंबक हलवला काय किंवा तार हलवली काय, प्रवाह तेवढाच येतो. पण तेव्हाचा सिद्धांत दोन्हींची दोन वेगळी स्पष्टीकरणं द्यायचा. निसर्ग एकच गोष्ट करतोय आणि आपण दोन गोष्टी सांगतोय, हे त्याला खटकलं. ईथर शोधण्याच्या फसलेल्या प्रयत्नांचा उल्लेख तिथे ओझरता येतो. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. उत्तम प्रश्न कधीकधी नव्या आकड्यातून येत नाही, सगळ्यांना माहीत असलेल्या मांडणीतल्या विसंगतीतून येतो.

त्याने दोन गोष्टी गृहीत धरल्या:

१. सर्व जडत्वीय चौकटींत भौतिकशास्त्राचे नियम सारखेच असतात. फक्त यांत्रिकीचे नाही, सगळेच.
२. निर्वात पोकळीतला प्रकाशाचा वेग सर्व जडत्वीय चौकटींत सारखाच असतो. प्रकाश सोडणारा दिवा हलत असला तरी.

दुसरं गृहीतक शांतपणे वाचलं तर ते विचित्र आहे. प्रकाशाच्या मागे तुम्ही त्याच्या ०.९९ पट वेगाने धावलात, तरी तो तुमच्यापासून पूर्ण वेगानेच पुढे जाताना दिसेल. वेग म्हणजे अंतर भागिले वेळ. वेग सगळ्यांना सारखा हवा असेल, तर अंतर आणि वेळ यांनाच बदलावं लागणार.

३-४-५ चं घड्याळ

एक पेटी घ्या. तिच्या तळाला आणि छताला आरसा, मधे खालून वर जाणारा प्रकाशाचा झोत. झोत तळापासून छतापर्यंत गेला की एक 'टिक'. समजा पेटीची उंची अशी आहे की त्याला ४ मायक्रोसेकंद लागतात.

आता ही पेटी प्रकाशाच्या ०.६ पट वेगाने आपल्यासमोरून आडवी चालली आहे. पेटीसोबत बसलेल्या मैत्रिणीला झोत सरळ वर जाताना दिसतो, ४ मायक्रोसेकंदांत. आपल्याला मात्र तो तिरका जाताना दिसतो, कारण तो वर पोचेपर्यंत छत पुढे सरकलेलं असतं. तिरकी वाट सरळ वाटेपेक्षा लांब. पण प्रकाशाचा वेग आपल्यालाही तोच मिळतो. म्हणून आपल्या घड्याळाने वेळ जास्त लागलाच पाहिजे.

किती जास्त? समजा ५ मायक्रोसेकंद लागले. तेवढ्या वेळात प्रकाश तिरका ५ एकक गेला, पेटी आडवी ०.६ गुणिले ५ म्हणजे ३ एकक गेली, उंची ४ एकक. शाळेतला ३-४-५ चा काटकोन त्रिकोण बरोबर जुळला. म्हणजे तिच्या ४ मायक्रोसेकंदांना आपले ५. आपल्या मते तिचं घड्याळ १.२५ पट हळू चालतंय. हा १.२५ म्हणजेच गॅमा, आणि हा परिणाम म्हणजे कालविस्तार, टाइम डायलेशन.

हाच त्रिकोण कोणत्याही वेगासाठी काढा. सूत्र असं येतं: वेग प्रकाशवेगाच्या किती पट आहे तो आकडा घ्या, त्याचा वर्ग १ मधून वजा करा, वर्गमूळ काढा, आणि १ ला त्याने भागा. ०.६ साठी: वर्ग ०.३६, उरले ०.६४, वर्गमूळ ०.८, गॅमा १.२५.

"हे प्रकाशाच्या घड्याळाचं झालं, साध्या मनगटी घड्याळाचं काय?" असं मनात आलं तर चांगलं लक्षण आहे. मनगटी घड्याळ वेगळं वागलं असतं, तर पेटीतल्या मैत्रिणीला दोन घड्याळांतला फरक बघून "आपण हलतोय" हे कळलं असतं. पहिलं गृहीतक ते होऊ देत नाही. म्हणून घड्याळ, हृदयाचे ठोके, कणाचा क्षय, सगळं सारखंच मंदावतं.

आता म्युऑन

अवकाशातून येणारे वैश्विक किरण वातावरणाच्या वरच्या थरांवर आदळतात. त्यातून साधारण १५ किलोमीटर उंचीवर म्युऑन तयार होतात. म्युऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचा सुमारे २०७ पट जड भाऊ. तो टिकत नाही, त्याचं सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद. एवढ्या वेळात प्रकाशसुद्धा फक्त ६६० मीटर जातो. मग म्युऑन जमिनीपर्यंत पोचतातच कसे?

इथे आपल्या मुंबईच्या माणसाचं नाव येतं. १९३८ साली, वयाच्या २८ व्या वर्षी, केंब्रिजमध्ये असलेल्या होमी भाभांनी 'नेचर'मध्ये एक छोटं टिपण लिहिलं. असे जड कण आपोआप क्षय पावत असतील तर तो क्षय म्हणजे एक घड्याळच आहे, आणि वेगाने जाणाऱ्या कणाचं आयुष्य लांबलेलं दिसलं तर ती सापेक्षतेची सरळ परीक्षा ठरेल, असा त्याचा आशय होता. १९४१ साली रॉसी आणि हॉल यांनी अमेरिकेतल्या कोलोरॅडोत वेगवेगळ्या उंचीवर म्युऑन मोजून हा परिणाम दाखवला.

पण शिकण्यासाठी सगळ्यात स्वच्छ प्रयोग फ्रिश आणि स्मिथ यांचा, १९६३ साली प्रसिद्ध झालेला. न्यू हॅम्पशायरमधल्या माउंट वॉशिंग्टनवर, सुमारे १९०० मीटर उंचीवर, त्यांनी लोखंडाच्या थराखाली गणक ठेवून ठरावीक वेगाचे म्युऑन मोजले. तासाला सुमारे ५६३. वेग प्रकाशाच्या ०.९९५ पट. मग समुद्रसपाटीला येऊन तसेच म्युऑन मोजले.

आपण ढोबळ हिशेब करू. १९०० मीटर यायला जमिनीच्या घड्याळाने ६.३७ मायक्रोसेकंद लागतात. म्युऑनचं घड्याळही तसंच चालत असेल, तर २.२ च्या सरासरी आयुष्याने ५६३ पैकी जेमतेम ३० खाली पोचतील. प्रत्यक्षात मोजले गेले सुमारे ४१२.

आता गॅमा काढा. ०.९९५ चा वर्ग जवळपास ०.९९, उरले ०.०१, वर्गमूळ ०.१, गॅमा १०. म्हणजे म्युऑनच्या घड्याळात फक्त ०.६३७ मायक्रोसेकंद झाले. त्या हिशेबाने सुमारे ४२० उरायला हवेत. हवेतून येताना म्युऑन थोडे मंदावतात, हे आपण सोडून दिलं; ते धरून प्रयोगाने दिलेला गॅमा ८.८ होता, चुकीची मर्यादा ०.८, आणि त्यांनी सिद्धांतावरून काढलेला ८.४, मर्यादा २. जुळलं.

मुलाखतीत मी इथपर्यंतच पोचले होते.

म्युऑनच्या खुर्चीत बसून

आता चौकट बदलू. म्युऑन म्हणतो, "मी स्थिर आहे. डोंगर माझ्या दिशेने ०.९९५ पट वेगाने वर येतोय. माझं आयुष्य २.२ मायक्रोसेकंदच आहे, ते काही लांबलेलं नाही."

मग तो इतका टिकला कसा? कारण त्याच्या चौकटीत डोंगर १९०० मीटर उंच नाहीच, १९० मीटर आहे. गतीच्या दिशेने लांबी गॅमा पटीने आकुंचन पावते, हे लेंग्थ कॉन्ट्रॅक्शन. १९० मीटरचा डोंगर समोरून निघून जायला लागतात ०.६३७ मायक्रोसेकंद. आपण जो आकडा काढला तोच.

असंच व्हायला हवं. किती म्युऑन पोचले हे गणकाच्या टिकटिकीवर ठरतं, आणि टिकटिक झाली की नाही यावर दोन निरीक्षकांत मतभेद असू शकत नाही. स्पष्टीकरण बदललं, एक म्हणतो वेळ ताणली, दुसरा म्हणतो अंतर आकसलं, पण घडलेली घटना तीच.

पण मॅडमचा प्रश्न अजून बाकी आहे. म्युऑनच्या मते जमिनीवरची घड्याळं दहापट हळू चालतात. म्हणजे त्याच्या ०.६३७ मायक्रोसेकंदांत जमिनीच्या घड्याळात फक्त ०.०६४ मायक्रोसेकंद व्हायला हवेत. आणि आपण तर म्हणतोय की जमिनीच्या घड्याळात ६.३७ झाले. शंभर पटींचा फरक! कोण चुकतंय?

चूक "त्याच क्षणी" या शब्दांत आहे

नीट बघा, ६.३७ हा आकडा आपण मोजला कसा? एक घड्याळ शिखरावर, एक पायथ्याशी. शिखरावर म्युऑन गेला तेव्हा शिखराच्या घड्याळात शून्य. पायथ्याशी पोचला तेव्हा पायथ्याच्या घड्याळात ६.३७. म्हणजे म्युऑनचं एक घड्याळ आपण आपल्या दोन वेगळ्या घड्याळांशी ताडून बघितलं. ही दोन घड्याळं एकमेकांशी जुळवलेली आहेत, हे आपण न बोलता धरून चाललो.

ती जुळवतात कशी? गाडीच्या डब्याचं उदाहरण घ्या. डब्याच्या बरोबर मधोमध दिवा लावला. प्रकाश दोन्ही टोकांना पोचला की तिथली घड्याळं शून्यावरून सुरू होतात. डब्यातल्या प्रवाशाला यात काहीच शंका नाही, दोन्हीकडे अंतर सारखं, वेग सारखा, घड्याळं एकदमच सुरू झाली.

आता प्लॅटफॉर्मवरून बघा. गाडी पुढे चालली आहे. मागचं टोक प्रकाशाच्या दिशेने येतंय, पुढचं टोक त्याच्यापासून पळतंय. प्रकाशाचा वेग मात्र दोन्हीकडे तोच. म्हणून मागच्या टोकाला प्रकाश आधी पोचतो. प्लॅटफॉर्मवरचा माणूस म्हणेल, "मागचं घड्याळ आधी सुरू झालं, ते पुढच्यापेक्षा पुढे आहे." एका चौकटीत एकाच क्षणी घडलेल्या दोन घटना दुसऱ्या चौकटीत एकाच क्षणी घडत नाहीत. याला समकालिकतेची सापेक्षता म्हणतात, आणि माझ्या मते विशेष सापेक्षतेचा सगळा जीव इथे आहे.

डब्याच्या जागी डोंगर ठेवा. म्युऑनच्या चौकटीत डोंगर वरच्या दिशेने पळतोय, म्हणजे शिखर हे पुढचं टोक आणि पायथा मागचं. म्हणून म्युऑनच्या मते पायथ्याचं घड्याळ शिखराच्या घड्याळापेक्षा आधीपासूनच पुढे आहे. किती पुढे, तेही दोन-तीन ओळींच्या बीजगणितातून निघतं: वेग गुणिले जमिनीच्या चौकटीतलं अंतर, भागिले प्रकाशवेगाचा वर्ग. आपल्या आकड्यांसाठी ६.३०६ मायक्रोसेकंद.

आता म्युऑनचा हिशेब त्याच्याच तोंडून ऐका:

"मी शिखराजवळ होतो तेव्हा शिखराच्या घड्याळात शून्य होते, पण पायथ्याच्या घड्याळात आधीच ६.३०६ झाले होते. मग माझे ०.६३७ मायक्रोसेकंद गेले. पायथ्याचं घड्याळ दहापट हळू चालतं, म्हणून तेवढ्यात ते फक्त ०.०६४ ने पुढे गेलं. मी पोचलो तेव्हा त्यात किती दिसले? ६.३०६ अधिक ०.०६४, म्हणजे ६.३७."

तोच आकडा. चुकलं कोणीच नाही. आपण म्हणतो त्याचं घड्याळ हळू, तो म्हणतो आपलं घड्याळ हळू, आणि दोघंही बरोबर, कारण दूरच्या दोन घड्याळांना "एकाच क्षणी" बघणं म्हणजे काय, यावरच आपलं एकमत नाही. घड्याळं एकाच जागी एकमेकांसमोर आली की मात्र त्यांवरचे आकडे दोघांनाही तेच दिसतात.

हे पहिल्यांदा वहीवर जुळलं, तेव्हा मी हॉस्टेलच्या खोलीत होते, मुलाखत होऊन आठवडा झाला होता. एका गुणाकाराचं आणि एका बेरजेचं काम होतं.

हे खरंच मोजलेलं आहे

कोणी म्हणेल, हे कागदावर ठीक आहे. १९७७ साली सर्नमध्ये म्युऑन एका वर्तुळाकार कड्यात गॅमा २९.३ असताना फिरवले. त्यांचं आयुष्य सुमारे ६४.४ मायक्रोसेकंद मिळालं, सिद्धांताशी साधारण हजारात एक भाग इतक्या अचूकतेने जुळणारं. तुमच्या मोबाइलमधल्या जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर सेकंदाला ३.९ किलोमीटर वेगाने फिरतात. वेगामुळे त्यांची घड्याळं दिवसाला सुमारे ७ मायक्रोसेकंद मागे पडतात, गुरुत्व कमी असल्यामुळे सुमारे ४५ पुढे जातात, निव्वळ ३८ पुढे. त्यातला ४५ चा भाग सामान्य सापेक्षतेचा, तो आजचा विषय नाही. पण ३८ मायक्रोसेकंदांत प्रकाश ११ किलोमीटरहून जास्त जातो. म्हणून ही दुरुस्ती न करता चालत नाही.

वाचून झाल्यावर काय करायचं

मुलाखतीला जाणाऱ्यांसाठी माझा सल्ला एवढाच. सापेक्षतेचं कोणतंही गणित सोडवलं की लगेच दुसऱ्या चौकटीत जाऊन तेच परत सोडवा. "वेळ" असं लिहिलंत की स्वतःला विचारा, कोणाचं घड्याळ, आणि ते कुठे ठेवलंय? आणि "एकाच वेळी" हे शब्द आले की कोणाच्या मते, ते लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. गणित अडतं ते बहुतेक वेळा इथेच.

गृहपाठ देते. वेग ०.६ पट. डोंगर असा की प्रकाशाला तो पार करायला ३ मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे सुमारे ९०० मीटर. जमिनीच्या हिशेबाने प्रवासाला ५ मायक्रोसेकंद, कणाच्या घड्याळात ४. आता कणाच्या बाजूने सुरुवात करून पायथ्याच्या घड्याळात ५ च दिसतात हे दाखवा. मधले दोन आकडे १.८ आणि ३.२ आले तर तुमचं बरोबर आहे. ते कुठून आले हे एखाद्या मित्राला किंवा मैत्रिणीला फळ्यावर समजावून सांगता आलं, की मॅडमच्या प्रश्नाला तुम्ही घाबरणार नाही.

आणि एक प्रश्न मुद्दाम सोडते. पेटीच्या घड्याळात मी उंची दोघांनाही सारखीच दिसते असं धरलं. गतीच्या दिशेने लांबी आकसते, मग आडव्या गतीत उंची का आकसत नाही? एकमेकांकडे येणाऱ्या दोन सारख्या कड्यांचा विचार करा, एक दुसरीतून पार जाईल का, आणि कोणती कोणातून? पुढच्या लेखात जुळ्या भावांचा विरोधाभास घेऊ, त्याची सुरुवात याच उत्तराने करते.